मे महिन्यातली ओल

मुलीचे दहावीचे वर्ष सुरू होण्याआधी अकोल्याला घरी परतायचे, असे आमच्यात ठरले होते. एका रविवारी जेवताना मी तसे म्हटले, नवऱ्याने मान हलवली आणि मुलीने ताटातली भेंडी बाजूला सारत विचारले, "नक्की?" मी नक्की म्हटले. पुढचे सगळे वर्ष त्या शब्दावर बेतले गेले. पीएच.डी.चा प्रबंध उन्हाळ्यात पुरा झाला तर जूनमध्ये मी घरी. नाही झाला तर तिची दहावी माझ्याविना.

संशोधनाला लागण्याआधी मी एका दैनिकाच्या अकोला आवृत्तीत उपसंपादक होते. तालुक्यांतून आलेल्या बातम्या वाचायच्या, विशेषणे काढायची, नावे पडताळायची, मथळा द्यायचा. अकोल्याचा डेस्क बंद करून काम नागपूरला नेण्यात आले तेव्हा तिकडे जाणे किंवा नोकरी सोडणे, असे दोनच पर्याय उरले. माझ्याकडे रसायनशास्त्राची जुनी पदव्युत्तर पदवी होती. पात्रता परीक्षा दिली, शिष्यवृत्ती मिळाली आणि अमरावतीच्या एका महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात नाव नोंदवले. अमरावती निवडली ती जवळ म्हणून. शनिवारी दुपारी बडनेऱ्याहून गाडी धरायची, सोमवारी सकाळी परत. नवरा वकील. त्याचे काही दिवस अकोल्याच्या कोर्टात जात, काही बार्शीटाकळीच्या. मुलगी तेव्हा सहावीत होती आणि तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. पुढे ती तिने स्वतःच शिकून घेतली.

माझा विषय सच्छिद्र सिलिका. वाळूत आणि काचेत जे असते तेच हे द्रव्य. पण विशिष्ट पद्धतीने तयार केले की त्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी, एकसारखी, अतिसूक्ष्म भोके राहतात. चमचाभर भुकटीच्या आतला पृष्ठभाग उलगडता आला तर एखादे मैदान व्यापेल. त्या पृष्ठभागात ॲल्युमिनियमचे अणू बसवले की तो आम्लासारखा वागू लागतो. आमच्याकडे सरकीचे तेल निघते. ते शुद्ध करताना मागे जो आंबूस, टाकाऊ भाग राहतो, त्याचे इंधन करायला असे घन स्वरूपातले आम्ल उपयोगी पडेल, ही प्रबंधाची कल्पना होती.

आम्ले दोन प्रकारची. एक स्वतःकडचा प्रोटॉन समोरच्याला देते. दुसरे काही देत नाही; समोरच्याच्या इलेक्ट्रॉनांची जोडी आपल्याकडे ओढून धरते. तेलाच्या कामाला पहिले हवे होते. भुकटीत यांपैकी कोणते आहे हे पाहण्यासाठी तिच्यावर पिरिडीन नावाच्या द्रवाची वाफ सोडतात. पिरिडीनचे रेणू दोन्ही आम्लांना चिकटतात, पण चिकटल्यावर वेगवेगळ्या लयीत थरथरतात. अवरक्त किरण भुकटीवर टाकले की ती थरथर रेघेच्या रूपाने पडद्यावर उमटते. रेघेखालच्या आकड्यांत पंधराशे पंचेचाळीसच्या आसपास शिखर दिसले तर प्रोटॉन देणारे आम्ल आहे. चौदाशे पन्नासच्या आसपास दिसले तर दुसरे.

मला पंधराशे पंचेचाळीसचे शिखर हवे होते. ते आले की शेवटचे प्रकरण लिहून होणार होते.

या मोजणीसाठी मे महिना राखून ठेवायची आमच्या विभागाची रीत होती. सच्छिद्र सिलिका हवेतले पाणी शोषून घेते. नव्या बुटांच्या खोक्यात जी छोटी पुडी निघते, ती तिचीच बहीण. त्यामुळे पावसाळ्यात या कामाला कोणी हात लावत नसे. मे महिन्यात मात्र वऱ्हाडातली हवा इतकी कोरडी की सकाळी वाळत घातलेल्या कुरड्या दुपारी वाजू लागतात. माझे मार्गदर्शक सर म्हणत, "मुंबईवाल्यांना हवा कोरडी करायला यंत्रं लागतात. आपल्याला फुकट मिळते." सरांच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी मे महिन्यातच नोंदी घेतल्या होत्या. मीही सगळे नमुने हिवाळ्यात तयार करून ठेवले आणि मेची वाट पाहिली.

परीक्षा संपल्या आणि महाविद्यालय रिकामे झाले. माझ्यासोबत काम करणाऱ्या दोन मुली आपापल्या गावी गेल्या. मी जिथे खोली घेऊन राहत होते ते घरमालक कुटुंबासह चिखलदऱ्याला नातेवाइकांकडे गेले. जाताना कुंड्यांना पाणी घालायला सांगून गेले. डबा देणाऱ्या बाई डबा फाटकाला अडकवून जात. रिकामा डबा धुऊन मी तिथेच अडकवत असे. कधी त्यात कैरीची फोड जास्त असे, कधी भाजी तिखट असे, पण हे सांगायला त्या भेटत नसत.

पिरिडीनचा वास सडक्या माशासारखा असतो. तो केसांत आणि ओढणीत राहतो, साबणाने जात नाही. शेअर ऑटोत बसले की शेजारची बाई पदर नाकाला लावी आणि मग सरकून बसे. एकदा एकीने ऑटोवाल्याला विचारले, "भाऊ, मागं काही मेलं हाय का?" मी पुढच्या चौकात उतरले आणि त्या दिवसापासून चालत जाऊ लागले. शनिवारची अकोल्याची फेरीही त्या महिन्यात बंद ठेवली होती, कारण नमुने भट्टीत असत आणि त्यांना सोडून जाता येत नसे. फोनवर वास जात नाही, असे मुलगी एकदा म्हणाली. ती गंमत करत होती.

प्रयोगशाळेत दोन भाग होते. आत काचेची बंद खोली, तिच्यात यंत्र आणि एसी. बाहेर नमुने तयार करायचे टेबल, आणि टेबलासमोर खिडकीत बसवलेला लोखंडी कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा. त्या मजल्यावर चालू असलेला तो एकच कूलर होता. त्यामुळे विभागाचा परिचर आणि कार्यालयातला कारकून दुपारी तिथे येऊन बसत. परिचर वलगावचा, निवृत्तीला आलेला. सकाळी आल्या आल्या तो बादल्यांनी कूलरची टाकी भरी आणि पंप सुरू करून ताट्या भिजल्या की नाही ते हाताने पाही. कारकून नवा होता, नुकतेच लग्न झालेला, सासुरवाडीला राहणारा.

"मॅडम, हा कोणाचा ईसीजी होय?" परिचराने एकदा टेबलावर छापून ठेवलेली रेघ पाहून विचारले.

"मातीचा समजा."

"मातीले अटॅक आला का मंग?"

"तुमच्या वावरातली असंन," कारकून म्हणाला. "दरसाल पऱ्हाटी लावून लावून दमवली तुमी तिले."

"तू गप रे. तुले वावर नाही न घर नाही. रात्री सासऱ्याच्या कूलरपुढं झोपतं अन् दिवसा आमच्या कूलरपुढं."

"सासऱ्याच्या कूलरले आवाज लय हाय, काका."

"कूलरले हाय का सासऱ्याले?"

त्यांचे बोलणे बहुतेक आपसांत चाले. मी पाठमोरी काम करत असे आणि ऐकत असे. ते यायला उशीर झाला तर माझे लक्ष दाराकडे जाई, हे मला पुढे लक्षात आले.

काम असे होते. भुकटी भट्टीत तापवून तिच्यातले पाणी घालवायचे. बाहेर काढून थंड होऊ द्यायची. पिरिडीनच्या वाफेच्या बरणीत ठेवायची. पुन्हा थोडी तापवायची, म्हणजे सैल चिकटलेले पिरिडीन उडून जाते आणि आम्लाला घट्ट धरून बसलेले तेवढे राहते. मग काचेच्या खोलीत, यंत्रात. महिन्याच्या सुरुवातीलाच पहिल्या नमुन्यात पंधराशे पंचेचाळीसचे शिखर आले. टोकदार, स्वच्छ, शंका घ्यायला जागा नाही असे. दुसऱ्या नमुन्यात आले. ॲल्युमिनियम जास्त असलेल्या नमुन्यात ते आणखी उंच आले, म्हणजे जसे यायला हवे तसेच.

संध्याकाळी मुलीला फोन केला.

"आलं का तुझं ते?"

"आलं."

"मग जूनमध्ये येशील?"

"येईन."

"बरं," ती म्हणाली. "आई, मी ठेवते, मैत्रीण खाली उभी राहून राहिली."

सरांनी रेघा पाहिल्या, चष्मा काढला आणि लिहायला घ्या म्हणाले. मी शेवटचे प्रकरण लिहायला घेतले. सकाळी प्रयोग, दुपारनंतर लेखन. ज्या वाक्यात "असावे" लिहिले होते तिथे "आहे" लिहिले. डेस्कवर असताना हा बदल आम्ही कागदपत्र हाती आल्याशिवाय करत नसू. इथे कागद हातात होता.

मग महाविद्यालयाच्या बोअरची मोटर जळाली. गच्चीवरची टाकी रिकामी झाली, नळ कोरडे पडले. परिचराने कूलरचा पंप बंद केला आणि नुसता पंखा चालू ठेवला.

"पाणी नाही त काय झालं," तो म्हणाला, "हवा त येते."

"ही हवा नाही काका, भट्टी होय," कारकून म्हणाला. "मॅडमच्या भट्टीत बसलो असतो त बरं झालं असतं."

थोड्या वेळाने दोघे उठून गेले. मी थांबले, कारण सगळ्यात जास्त ॲल्युमिनियमचा नमुना त्या दिवशी भट्टीतून निघायचा होता. त्याच्यात पंधराशे पंचेचाळीसला शिखर आले नाही. रेघ तिथे जराशी उचलली आणि खाली बसली. चौदाशे पन्नासचे शिखर मात्र मोठे होते. नमुना बिघडला असावा असे समजून दुसऱ्या दिवशी आदल्या आठवड्यातला, चांगला आलेला नमुना पुन्हा केला. त्यातही शिखर नव्हते. मोटर दुरुस्त झाली, टाकी भरली, कूलर सुरू झाला, दोघे परत येऊन बसले. त्या दिवशी शिखर आले.

एकाच घटनेच्या दोन बातम्या वेगवेगळ्या आल्या, तर कोण खोटे बोलतो हे आधी पाहायचे नाही, दोघे कुठे उभे होते ते पाहायचे, असे आम्हाला वृत्तसंपादकांनी शिकवले होते. मी नमुने कुठे उभे होते ते पाहिले. भट्टी तीच, बरणी तीच, पिरिडीनची बाटली तीच, हात माझेच. भट्टीतून काढल्यावर भुकटी थंड होण्यासाठी त्याच टेबलावर ठेवलेली. टेबलासमोर कूलर. एका दिवशी त्याच्यात पाणी होते आणि एका दिवशी नव्हते.

ॲल्युमिनियमच्या जागेवर पाण्याचा रेणू बसला की दुसऱ्या प्रकारचे आम्ल पहिल्यासारखे वागू शकते. प्रोटॉन तेव्हा पाण्यातून येतो. ही गोष्ट पुस्तकात होती आणि मी ती परीक्षेत लिहिलीही होती. विभागात ती सगळ्यांना माहीत होती आणि सगळ्यांनी ती पावसाळ्याच्या खात्यावर टाकली होती. यंत्राला ओल लागू नये म्हणून त्याला काचेच्या खोलीत ठेवले होते. भुकटीचा विचार कोणी केला नव्हता, कारण मे महिना कोरडा होता. तो बाहेर कोरडा होता. खोलीत आम्ही बादल्यांनी पाणी ओतून, भिजल्या वाळ्यातून हवा खेचून, ती थेट टेबलावर सोडत होतो. वऱ्हाडात कूलर हा उन्हाळ्याचा भाग धरला जातो. त्याला पाण्याचा स्रोत म्हणून कोणी पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पंप आणि पंखा दोन्ही बंद केले.

"मॅडम, कूलर काहून बंद केला?" परिचराने दारातूनच विचारले.

"थोडे दिवस बंद ठेवावा लागेल. प्रयोगासाठी."

"बिघडला का?"

"नाही. हवेत पाणी नको आहे."

"पाणी नको?" त्याने कारकुनाकडे पाहिले. "लोक पाण्यासाठी रांगा लावून राहिले, अन् मॅडमले हवेतलंबी नको."

"आमी कुठं बसावं मंग?" कारकुनाने विचारले.

"ग्रंथालयात एक छोटा आहे."

"तिथं बोलू देत नाही न जी."

"जाऊ दे," परिचर म्हणाला. "गप बसाची सवय लागंन तुले. सासरी कामी पडंन."

ते गेले. दुपारी जिन्यावर त्यांचा आवाज आला आणि खालच्या मजल्याकडे वळला.

खिडक्या बंद, भुकटी उडू नये म्हणून पंखाही बंद. ओढणीचे टोक ओले करून मानेवर ठेवायचे म्हटले तरी नको वाटे, कारण तेही पाणीच. एसीच्या खोलीत यंत्राची एकसुरी घरघर होती. नमुना आत ठेवून, श्वासाचीही ओल नको म्हणून बाहेर येऊन बसायचे, रेघ उमटायची वाट पाहायची. खोलीत कोणी नसले की माणूस स्वतःशी बोलतो असे म्हणतात. मला तसा अनुभव आला नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

एकामागून एक सगळे नमुने पुन्हा केले. कूलर बंद असताना भट्टीतून काढून लगेच झाकले, की शिखर नाही. मग उलट करून पाहिले. तीच भुकटी बंद बरणीत पाण्याने भरलेल्या वाटीशेजारी ठेवली, की शिखर हजर. पुन्हा तापवून वाळवली, गेले. पुन्हा वाटी, आले. प्रयोग इतका नेमका पूर्वी कधी चालला नव्हता.

एका दुपारी परिचर वर आला. त्याच्या हातात ताकाची बाटली होती.

"जिवंत हाय का पाहाले आलो," तो म्हणाला. "एवढ्या गरमीत त कुत्रंबी थांबत नाही." बाटली टेबलाच्या कडेला ठेवून तो दारातच उभा राहिला. "चालते का तुमचं?"

"चालते."

"मंग तोंड असं काहून?"

"जे पाहिजे होतं ते येत नाही. पाणी दिलं तरच येतं."

"मंग द्या न पाणी. कोणाचं काय जाते?"

मी त्याचे आभार मानले. कोणाचे काही जात नव्हते, हे खरे होते. आधीच्या नोंदी फाइलमध्ये होत्या, सरांनी पाहिलेल्या होत्या, प्रकरण अर्धे लिहून झाले होते. खिडकीतला कूलर कोणत्याही नोंदीत नव्हता.

सर सुट्टीवर, घरी होते. त्यांच्या पुढच्या खोलीत मी रेघा पसरून ठेवल्या. ते बराच वेळ पाहत होते. आतून त्यांच्या पत्नीने पन्हे आणून दिले आणि वास कसला म्हणून विचारले. सर म्हणाले, आमच्या धंद्याचा.

"सगळे नमुने केलेत?"

"सगळे."

"आणि पाणी दिलं की परत येतं."

"प्रत्येक वेळी."

"मग ते पाण्याचं आहे," सर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या स्वतःच्या प्रबंधातल्या नोंदी त्याच टेबलावरच्या आहेत. मे महिन्यातल्या. कूलर तेव्हाही होता. याच्यापेक्षा मोठा होता."

त्यांनी रेघा गोळा करून माझ्याकडे सरकवल्या.

"दोन मार्ग आहेत," ते म्हणाले. "एक, आहे तसं लिहा. खोलीच्या वातावरणात नोंदी घेतल्या, एवढे शब्द टाका. त्यात खोटं काही नाही. परीक्षक विचारणार नाहीत. दुसरा, बंद सेलमध्ये, हवा काढून टाकून, नीट करा. तशी सोय आपल्याकडे नाही. पुण्याला जावं लागेल. त्यांची तारीख दिवाळीच्या आधी मिळणार नाही."

"मग प्रबंध?"

"पुढचा उन्हाळा."

"तुम्ही काय केलं असतं सर?"

"मला विचारू नका," सर म्हणाले. "माझं छापून झालं आहे."

"खोलीच्या वातावरणात" हे शब्द मी रस्ताभर मनात फिरवून पाहिले. डेस्कवर असे शब्द रोज समोर येत. "सूत्रांकडून समजते." "परिसरात चर्चा आहे." तेही खोटे नसत. बातमीदाराला ज्या जागी उभे राहायचे नसते तिथे तो ते शब्द उभे करतो. शिवाय अडचण शब्दांपुरती नव्हती. माझी भुकटी तेलात पहिल्यांदा चांगली चाले आणि पुढच्या वेळी मंदावे. छिद्रे बुजली म्हणून मंदावली, असे मी दुसऱ्या प्रकरणात लिहिले होते. आता कारण बहुधा वेगळे होते: गरम तेलात पाणी उडून जात होते आणि त्यासोबत आम्लही. म्हणजे एक वाक्य जोडून भागणार नव्हते. दोन प्रकरणे चुकीची होती.

निर्णय घ्यायला वेळ लागला नाही. सांगायला अकोल्याला गेले.

शनिवारच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. समोरच्या बाई मूर्तिजापूरला उतरेपर्यंत तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. बाहेर नांगरून ठेवलेली काळी शेते होती. काय बोलायचे त्याची मी मनात मांडणी केली: आधी मुख्य गोष्ट, मग कारण, मग तपशील.

घरी नवरा चहा करत होता. मुलगी सुट्टीतल्या क्लासहून नुकतीच आली होती आणि जमिनीवर बसून दहावीच्या पुस्तकांना कव्हरे घालत होती. ती उंच झाली होती, किंवा मला महिनाभराने तसे वाटले.

"जूनमध्ये येणं जमणार नाही," मी म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल." मग कूलरचे सांगितले.

"कूलरमुळे?" नवऱ्याने विचारले.

"हो."

"आरोपी आहे, पुरावा आहे, पण कूलरवर केस टाकता येत नाही." त्याने कप माझ्यासमोर ठेवला. "आणि जुनंच दिलं असतं तर?"

"चुकीचं गेलं असतं."

"कोणाच्या लक्षात आलं असतं?"

"बहुतेक नाही."

त्याने मान हलवली. वाद घातला नाही. तो साक्षीदाराला किती विचारायचे हे जाणतो.

मुलगी कव्हराची कड नखाने दाबत होती. तिच्या बोलण्याची मी वाट पाहिली. रडली असती तर काय म्हणायचे, रागावली तर काय म्हणायचे, दोन्ही गाडीत ठरवून ठेवले होते.

"ठीक आहे न मग," ती म्हणाली.

"राग नाही आला?"

"नाही गं. आत्या येऊन राहिली न जूनपासून."

नवऱ्याच्या हातातला कप तिथेच थांबला.

"हे कधी ठरलं?" मी विचारले.

"संक्रांतीला. ती आली होती तेव्हा." मग तिने वडिलांकडे पाहिले. "सांगायचं नव्हतं का?"

"तसं नाही," तो म्हणाला. "तू आली असतीस तर तिला नको म्हटलं असतं. दहावीचं वर्ष आहे, म्हटलं, घरात कोणीतरी बाई पाहिजे. तुला उगीच वाटलं असतं, आमचा भरवसा नाही म्हणून."

"बरोबर केलंत," मी म्हणाले.

ते बरोबरच होते. संक्रांतीला माझे नमुने अजून तयारही झाले नव्हते. बंद खोलीत घाम पुसत मी जे गमावते आहे असे समजत होते, ते या घरात हिवाळ्यातच हिशेबातून वजा झाले होते, कोणाला न दुखवता.

"आत्या माझ्या खोलीत झोपणार आहे," मुलगी सांगू लागली. तिला आता ते सांगायला मोकळे वाटत होते. "ती पहाटे उठते, मलेही उठवून देईल म्हणे. बाबांची बार्शीटाकळीची तारीख असली की डबा तीच करणार. तू शनिवारी येशीलच न? तेवढं पुष्कळ आहे." मग पुस्तक बाजूला ठेवून तिने माझ्या बाहीचा वास घेतला आणि नाक मुरडले. "आधी आंघोळ कर, आई."

मी आंघोळ केली. रात्री तिघे एकत्र जेवलो. रविवारी मी तिची राहिलेली कव्हरे घातली. काही तिने काढून पुन्हा घातली, कारण माझ्या घड्या तिच्यासारख्या बसत नव्हत्या.

सोमवारी सकाळी नवऱ्याने स्टेशनवर सोडले. गाडी उशिरा होती. थांबू का, असे त्याने विचारले. त्याला बार्शीटाकळीला जायचे होते, म्हणून मी नको म्हटले. तो गेल्यावर मी सरांना फोन केला आणि पुण्याची तारीख मागू या, असे सांगितले. सर म्हणाले, ठीक आहे, आज पत्र टाकतो. स्टेशनचा गोंगाट त्यांच्यापर्यंत पोचत नसावा; मी अमरावतीतच आहे, असे त्यांना वाटले.

"घरी गेला नाहीत का या शनिवारी?" त्यांनी विचारले.

"जाऊन आले," मी म्हणाले.